सामायिक मिलिंग मशीन कोणत्या अवस्थेत सोडायचे, ते आधी ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सामायिक धातुकाम कार्यशाळांबद्दल वृत्तपत्रांतून कौतुकाने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. हाताने चालवायचे मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र, एकट्याने घ्यायचे म्हटले तर पैसा लागतो, जागा लागते, थ्री-फेज विजेची सोय लागते. अनेकांनी मिळून घेतले की विद्यार्थी, हौशी कारागीर, दुरुस्तीवाले, लहान उद्योजक अशा सगळ्यांचे काम होते. पण मशीन आले, फीत कापली, एक तासाचे प्रशिक्षण झाले की पुढे काय, यावर फारसे कोणी बोलत नाही. काही काळातच "हे मशीन आता मापात देत नाही" अशी कुरकुर सुरू होते आणि दोष "फार वापर झाला" या कारणावर ढकलला जातो.

हे निदान चुकीचे आहे. चांगले बिडाचे मशीन रोज आठ तास चालले तरी वर्षानुवर्षे मापात राहते, कारण कारखान्यात ते एकाच कारागिराच्या हाताखाली असते. हेड (कटर फिरवणारा वरचा भाग) शेवटचे कधी हलवले, स्पीड कोणता लावला आहे, व्हाइस (टेबलावरचा पकडीचा शिकंजा) सरळ आहे की नाही, हे त्याला पाठ असते. सामायिक कार्यशाळेत आधीच्या माणसाने काय करून ठेवले आहे ते पुढच्याला ठाऊकच नसते. अपघात आणि बिघाड बहुतेक याच फटीतून शिरतात. म्हणून नियमांचा मोठा फलक लावण्याआधी एकच गोष्ट ठरवावी: काम संपल्यावर मशीन कोणत्या अवस्थेत सोडायचे. हेड सरळ, व्हाइस सरळ, स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा) रिकामा, स्पीड सर्वांत कमी, सगळी लॉक सैल, टेबल मध्यावर आणि स्वच्छ. पुढच्याने सुरुवात करताना हेच तपासायचे.

स्पीडचेच घ्या. एकाने ६ मिमीचा एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) १३०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १३०० फेऱ्यांवर, चालवला. तो त्या कटरसाठी बरोबर होता. मग तो निघून गेला. पुढच्याने ७५ मिमीचा फ्लाय कटर (एकच टूलबिट, म्हणजे कापणारा तुकडा, असलेला मोठा कटर) बसवला आणि स्पीड ठरवणारा पट्टा न बघताच बटण दाबले. ७५ मिमीच्या कटरची धार १३०० आरपीएमवर मिनिटाला ३०० मीटरहून अधिक वेगाने जाते. हाय स्पीड स्टीलच्या टूलला माइल्ड स्टीलमध्ये मानवतात साधारण २५ मीटर. बारापट वेगाने धार काही सेकंदांत निळी पडते, आणि टूलबिट नीट आवळलेला नसेल तर तो सुटून कुठे जाईल याचा नेम नाही. हिशेब अवघड नाही. हाय स्पीड स्टीलचा कटर आणि माइल्ड स्टील असेल तर ८००० ला कटरच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागायचे. १० मिमीला ८००, २० मिमीला ४००, ७५ मिमीला शंभरच्या आसपास. ॲल्युमिनियमला याच्या तिप्पट चालते. बिडाला थोडे कमी, स्टेनलेसला साठ टक्क्यांच्या आसपास. हा तक्ता मशीनच्या हेडवरच, डोळ्यांसमोर चिकटवावा. भिंतीवर लावलेला कोणी वाचत नाही.

स्पीड बदलण्याची पद्धतही मशीनगणिक वेगळी असते आणि ती उलटी झाली तर नुकसान होते. पायऱ्यांच्या पुलीचे मशीन असेल तर मोटर पूर्ण थांबवून पट्टा सरकवायचा. चाक फिरवून सलग स्पीड बदलणारे मशीन असेल तर चाक स्पिंडल चालू असतानाच फिरवायचे; बंद असताना जबरदस्तीने फिरवले तर पुली आणि तिची यंत्रणा खराब होते. हाय-लो गिअर मात्र दोन्हींत स्पिंडल थांबल्यावरच. शिवाय बऱ्याच उभ्या मशीनमध्ये बॅक गिअर (म्हणजे लो) टाकला की स्पिंडल उलटा फिरतो, म्हणून मोटरचा स्विचही उलट बाजूला न्यावा लागतो. हे न कळल्याने कटर उलटा फिरत राहतो, कापण्याऐवजी घासतो, लाल होतो आणि माणूस म्हणतो कटरच हलका होता.

आता हेडकडे वळतो. १९३८ पासून ब्रिजपोर्ट या नावाने प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे जगभर नक्कल झालेल्या उभ्या मशीनचे हेड कलवता येते. ही मोठी सोय आहे, पण सामायिक कार्यशाळेत सगळ्यात जास्त जॉब (कामाला घेतलेले तुकडे) वाया जातात ते हिच्यामुळेच. कोणीतरी तिरपी कड काढायला हेड कलवतो, काम झाल्यावर हेडवरच्या अंशांच्या पट्टीवर शून्य जुळवतो आणि निघून जातो. त्या पट्टीवरचे शून्य म्हणजे अंदाज आहे. हेड टेबलाशी काटकोनात आहे की नाही हे फक्त डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापयंत्र, पुढे नुसते डायल) सांगतो. २५० मिमीच्या वर्तुळात ०.१ मिमीचा फरक राहिला तर ७५ मिमी कटरने काढलेली सपाटी मध्यभागी सुमारे दीड शतांश मिमी खोल होते. हा फरक लहान वाटेल. पण हेड एक अंशाने कललेले राहिले आणि भोकाची जागा लहान एज फाइंडरने (कड शोधणाऱ्या साधनाने) शोधून, नी (टेबल वर-खाली नेणारा भाग) खाली घेऊन, १०० मिमी जास्त लांबीचे ड्रिल आणि चक बसवले, तर भोक पावणेदोन मिमी बाजूला जाते. एवढे झाल्यावर जॉब भंगारातच जातो.

हेड सरळ आहे का, हे कटरच्या खुणाही सांगतात. टेबल डावी-उजवीकडे नेत मोठ्या कटरने पृष्ठभाग काढला आणि त्यावर दोन्ही दिशांच्या बारीक कमानी एकमेकींना छेदून जाळी दिसली, तर हेड त्या दिशेत सरळ आहे. एकाच बाजूच्या कमानी दिसल्या तर ते कललेले आहे. जाळी दिसली नाही की डायल लावायची. टेबल पुसून त्यावर तेलाचा बारीक दगड हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे उठलेले बर (धातूचे बारीक काटे) निघतात. नी, सॅडल (टेबल पुढे-मागे नेणारा भाग) आणि टेबल लॉक करावे, क्विल (स्पिंडल वर-खाली नेणारी नळी) आत घेऊन लॉक करावा, गिअर न्यूट्रलला टाकावा. डायल स्पिंडलमध्ये अशी बसवावी की तिचे टोक १०० ते १२५ मिमी त्रिज्येवर फिरेल. टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या टी आकाराच्या खाचेत) टोक अडकून डायलला धक्का बसू नये म्हणून टेबलावर मोठ्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवून तिच्यावर डायल फिरवली तर काम सुखाचे होते; त्या रिंगच्या दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या आणि समांतर असतात. हेडचे नट पूर्ण सैल करू नयेत. हेड पुष्कळ जड असते, ते स्वतःच्या वजनाने एकदम कलते. वर्म (हेड सावकाश कलवणारा स्क्रू) फिरवल्यावर हेड जड हाताने हलेल एवढेच सैल करावेत. डावीकडे शून्य घ्यावे, उजवीकडचा फरक पाहावा, निम्मा फरक जाईल एवढे हेड हलवावे आणि पुन्हा शून्य घ्यावे. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन फेऱ्यांत आवळावेत आणि आवळून झाल्यावर पुन्हा वाचन घ्यावे, कारण आवळताना हेड हमखास सरकते. बहुतेक जण इथेच चुकतात. मग हेच पुढे-मागे करायचे. २५० मिमीत ०.०२ मिमीच्या आत आले की पुरे.

माझे स्पष्ट मत आहे की सामायिक मशीनचे हेड सर्वसाधारण सदस्यांनी कलवूच नये. तिरप्या कडेसाठी जॉब व्हाइसमध्ये कोनाच्या ठोकळ्यावर तिरपा धरता येतो किंवा चॅम्फर कटर वापरता येतो. हेड हलवण्याची मुभा एका-दोघा जाणत्यांनाच असावी. नट आणि हेडचे बीड या दोन्हींवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की डायल लावल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. कटर जोरात अडकून हेड धक्क्याने सरकले तर नटावरची रेघ जशीच्या तशी राहते, म्हणून हेड आणि त्यामागचा आधार यांच्या सांध्यावर दुसरी रेघ हवीच.

व्हाइस जागेवर राहिला तर निम्मा त्रास वाचतो. तो काढून परत बसवला की स्थिर जबड्यावर डायल टेकवून टेबल डावी-उजवीकडे न्यायचे. १५० मिमीच्या जबड्यावर ०.०२ मिमीच्या आत हवा. व्हाइसखाली टेबलाच्या खाचेत बसणाऱ्या चाव्या असल्या तरी डायल चुकवू नये. जॉब आवळताना बहुतेक व्हाइसचा सरकता जबडा किंचित वर उचलला जातो आणि जॉब पॅरललवरून (त्याखाली ठेवलेल्या समान उंचीच्या पट्ट्यांवरून) सुटतो. तांब्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने जॉब खाली बसवून दोन्ही पॅरलल बोटाने हलवून पाहावेत. एक जरी हलला तर जॉब बसलेला नाही. एका टोकाला धरलेला जॉब जबडा वाकडा करतो, म्हणून दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा. ठोकळ्याची एकच बाजू तयार असेल तर ती स्थिर जबड्याकडे घ्यावी आणि सरकत्या जबड्यापुढे मध्यभागी एक गोल सळई घालावी. मग जबडा समोरच्या वाकड्या बाजूप्रमाणे जॉब वळवू शकत नाही.

जॉब थेट टेबलावर क्लॅम्पने धरणाऱ्यांनी बोल्ट जॉबच्या जवळ घ्यावा आणि क्लॅम्पची मागची टाच जॉबच्या उंचीइतकी किंवा केसभर वर ठेवावी. टाच खाली गेली की क्लॅम्प जॉबच्या कडेवर टेकतो आणि कटरच्या धक्क्याने सुटतो. टी-नटचे (टी-स्लॉटमध्ये बसणाऱ्या नटाचे) खालचे आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात. अनेकांना ते सदोष वाटतात आणि ते टॅप घालून आरपार करून टाकतात. मग स्टड नटाच्या खालून बाहेर येऊन खाचेच्या तळावर टेकतो, नट वर रेटला जातो आणि आवळता आवळता टी-स्लॉटची वरची कड तुटते. ही कड वेल्ड करून पूर्वीसारखी होत नाही.

कटर धरण्याबाबतही हेळसांड दिसते. एंड मिल ड्रिल चकमध्ये धरू नये, कितीही घाई असली तरी. चकचे तीन जबडे कडक शँकला (कटरच्या दांड्याला) तीनच रेषांवर धरतात आणि चक ज्या टेपरवर (निमुळत्या बैठकीवर) बसतो तो बाजूचा जोर घेण्यासाठी नसतो. धक्के बसले की चक टेपरवरून निसटून चालू अवस्थेत खाली पडतो. कॉलेटही (शँक धरणारी चिरा असलेली नळी) शँकच्या नेमक्या मापाचाच हवा. अर्ध्या इंचाचा कॉलेट म्हणजे १२.७ मिमी. त्यात १२ मिमीची शँक आवळली तर कॉलेट फक्त तोंडाशी धरतो, कटरच्या सर्पिल धारा त्याला खाली ओढत जातात आणि कट आपोआप खोल होत जातो. मिलिमीटर आणि इंच असे दोन्ही संच असतील तर ते वेगळ्या खणांत, वेगळ्या रंगांच्या खुणांनी ठेवावेत. कॉलेट सोडताना ड्रॉ-बार (त्याला वरून ओढून धरणारी लांब सळई) एक फेरा सैल करून वरून पितळी हातोडीने ठोकावा. दोन-तीन आट्यांवर आणून ठोकला तर ते आटे जातात. आणि ड्रॉ-बारवरचा पाना हातातून सुटता कामा नये. पाना वर राहिला आणि बटण दाबले गेले तर तो सरळ माणसाच्या तोंडावर येतो. स्प्रिंगने आपोआप उचलला जाणारा पाना मिळतो. डिजिटल रीडआउटच्या (माप आकड्यांत दाखवणाऱ्या यंत्राच्या) आधी तो घ्यावा.

फीडची, म्हणजे जॉब कटरकडे सरकवण्याची, दिशा हा नवशिक्यांना सर्वांत कमी समजावलेला भाग आहे. हाताने चालणाऱ्या मशीनच्या स्क्रू-नटमध्ये ढिलाई असतेच, ०.३ मिमी ही काही वाईट मशीनची खूण नाही. कटरचा दाता ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने जॉब नेला, म्हणजे क्लाइम्ब मिलिंग केले, तर कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो. टेबल ती सगळी ढिलाई एका झटक्यात ओलांडते. दाताला ०.०५ मिमीची चिप घ्यायची होती, त्याला सहापट मिळते. दाता तुटतो, जॉब व्हाइसमधून उपटतो. म्हणून मोठा कट नेहमी दाताच्या उलट दिशेने. शेवटचा ०.१ मिमीचा कट क्लाइम्बने घेतला तर पृष्ठभाग सुरेख येतो, पण टेबलाचे लॉक किंचित आवळून, हँडल जड लागेल असे ठेवूनच. हीच ढिलाई मापातही येते, म्हणून हँडलवरचे आकडे वाचताना प्रत्येक मापावर एकाच दिशेने यायचे. माप ओलांडले तर अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे.

फीड फार हळू देणे ही खबरदारी नव्हे. चार दात्यांचा १० मिमी कटर ८०० आरपीएमवर, दात्याला ०.०५ मिमी धरून, मिनिटाला १६० मिमी जायला हवा. हँडलच्या फेऱ्याला टेबल ५ मिमी सरकत असेल तर मिनिटाला ३२ फेरे, म्हणजे सुमारे दोन सेकंदांना एक. याहून फार हळू फिरवले तर धार कापत नाही, घासते. स्टेनलेसमध्ये तर घासलेला थर कडक होतो आणि पुढचा दाता त्यावर मरतो. पूर्ण खाच काढताना खोली व्यासाच्या निम्म्याहून अधिक नेऊ नये, हलक्या मशीनवर पावपटच. १० मिमीची नेमकी खाच हवी असेल तर ८ मिमीच्या कटरने मधून जाऊन मग दोन्ही बाजू वेगळ्या काढाव्यात. १० मिमीचा कटर एका फेरीत चालवला की तो एका बाजूला वाकतो आणि खाच मोठी येते. कट चालू असताना ज्या दिशेत हालचाल नको त्या दिशेची लॉक आवळलेली असावीत. काम संपल्यावर ती सैल करायची, नाहीतर पुढचा माणूस लॉकविरुद्ध पॉवर फीड (मोटरने टेबल सरकवणे) टाकतो.

कार्यशाळा मांडताना एक चूक फार वेळा होते, ती म्हणजे बेंच ग्राइंडर मिलिंग मशीनशेजारी ठेवणे. ग्राइंडरची धूळ तेलात मिसळून सरकवाटांवर (टेबल ज्यांवर सरकते त्या पृष्ठभागांवर) बसते आणि प्रत्येक हालचालीला बीड खरवडते. दोन्ही वेगळ्या खोल्यांत हवीत. ते शक्य नसेल तर मध्ये आडोसा आणि मशीनवर झाकण हवे. टेबलावर जॉब ठेवून वेल्डिंग कधीच करू देऊ नये. वेल्डिंगचा करंट अर्थची वाट शोधताना स्पिंडलच्या बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर खड्डे पडतात आणि त्यांचा आवाज पुढे कधी जात नाही. चिप्स ब्रशने काढाव्यात, कंप्रेसरच्या हवेने नाही. हवा बारीक कीस वायपरखाली (सरकवाटा पुसणाऱ्या पट्ट्यांखाली) ढकलते आणि डोळ्यांतही उडवते. पाने आणि हातोड्या ठेवायला टेबलावर लाकडी फळी टाकावी.

तेल स्लाइडवेचेच (सरकवाटांचेच) हवे, साधारण ६८ ग्रेड. इंजिन ऑइल चालते असे सांगणारे भेटतात. ते सरकवाटांवर टिकून राहत नाही आणि बारीक फीडला टेबल अडखळत चालते. हातपंप असेल तर काम सुरू करताना एकदा ओढावा आणि त्याच्याकडे पाहावे. हँडल सावकाश परत गेले तर तेल पोहोचते आहे. झटकन परत गेले तर कुठेतरी नळी तुटली आहे, वर अडूनच राहिले तर मार्ग तुंबला आहे. पंप ओढला म्हणून तेल पोहोचले असे समजू नये. महिन्यातून एकदा टेबल टोकाला नेऊन उघडी सरकवाट बोटाने तपासावी. व्हाइस कायम टेबलाच्या मध्यावर असल्याने स्क्रू आणि सरकवाटा मध्यावरच झिजतात. मग कोणी मध्यावरची ढिलाई घालवायला गिब (सरकवाटेतील फट भरणारी पट्टी) आवळतो आणि टेबल टोकांकडे जाम होते. व्हाइसची जागा सहा महिन्यांनी हातभर सरकवली तर झीज पसरते. हे काम हेड सांभाळणाऱ्याकडेच द्यावे.

सुरक्षेच्या बाबतीत हातमोजे, सैल बाह्या, अंगठ्या नकोत आणि चष्मा हवा, हे सगळेच सांगतात. दोन गोष्टी मात्र राहून जातात. वीज जाऊन परत आली की स्पिंडल आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी नो-व्होल्ट स्विच हवाच, साधा टॉगल नको. आणि लाल बटण हँडलवरचा हात न सोडता, दुसऱ्या हाताने पोहोचेल अशा जागी असावे, मशीनच्या मागे नाही.

वर्ग घेणाऱ्यांनी परीक्षा लेखी घेऊ नये. शिकणाऱ्याला कच्चा ठोकळा द्यावा आणि सहाही बाजू काटकोनात काढायला सांगाव्यात. स्पीड, व्हाइस, पॅरलल, ढिलाई, दिशा, बर काढणे हे सगळे त्यात येते आणि तो हेड बघतो की नाही हेही कळते.

राहिली वही. ती मशीनला दोरीने बांधलेली असावी आणि तिच्यात चारच रकाने असावेत: हेड हलवले का, व्हाइस हलवला का, काही अडकले किंवा तुटले का, आवाज किंवा हँडल बदलल्यासारखे वाटले का. यावर दंड लावू नये. तुटलेल्या कटरचा दंड असला की माणूस कटर लपवतो आणि त्याच धक्क्याने सरकलेले हेडही लपते. मग पुढचे दहा जॉब वाकडे निघतात आणि कारण कोणालाच सापडत नाही. कटरचा खर्च कार्यशाळेने सोसावा. वेळेची नोंदणी करतानाच शेवटची पंधरा मिनिटे कापण्यासाठी नाहीत हे लिहून द्यावे. त्या वेळात स्पिंडल रिकामा करणे, कॉलेट पुसून खणात ठेवणे, टेबल साफ करून तेलाचा हात फिरवणे, लॉक सैल करणे आणि वही भरणे एवढे सहज होते. आपल्या वृत्तपत्रातून अशा कार्यशाळांविषयी पुढे लिहून येईल तेव्हा मशीन कोणते आणले याबरोबरच ते सांभाळणारा कोण आहे आणि ही पंधरा मिनिटे राखली आहेत का, हेही विचारले जावे, ही विनंती.

आपला,
एक मशीनिस्ट वाचक